लग्नाआधीचा दस्त आणि काजूचा कारखाना : एका वकील कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

काही सेवा अशा असतात की त्यांची मुदत टळली की पैसे मोजूनही त्या मिळत नाहीत. गोव्यात लग्नाआधी करायचा मालमत्तेचा करार ही त्यांपैकी एक. उत्तर गोव्यात आमचा काजूप्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे आणि तो मी व माझा धाकटा भाऊ भागीदारीत चालवतो. त्याखेरीज काजूगर, कोकम आणि आमसुले विकणारे एक दुकान माझ्या एकटीच्या नावावर आहे. गेल्या वर्षी माझे लग्न ठरले तेव्हा या कराराच्या कामासाठी मी दोन वकिलांच्या पायऱ्या चढले. पहिल्या ठिकाणचा अनुभव सांगण्यापुरता सांगते, परीक्षण आहे ते दुसऱ्या कार्यालयाचे. नावे दोन्हींची देत नाही. पहिल्याचे देण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या वकीलबाईंनी स्वतःच नको म्हटले. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि कौतुकाने लिहिलेला मजकूरही पुष्कळदा जाहिरातीसारखाच वाचला जातो, असे त्यांचे म्हणणे पडले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी या कामाची गरज का पडते ते आधी सांगायला हवे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोवा मुक्त झाल्यावरही रद्द झाला नाही. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती मिळाली आणि १९६२ च्या कायद्याने इथे चालत आलेले जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, पुढे चालू ठेवले. त्यातील वारशाचा भाग आता गोवा विधानसभेच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे. तो २०१२ चा म्हणून ओळखला जात असला, तरी प्रत्यक्षात २०१६ मध्ये लागू झाला. या व्यवस्थेत पती-पत्नींनी लग्नाआधी काहीही लिहून ठेवले नसेल, तर दोघांची मालमत्ता समाईक धरली जाते. लग्नापूर्वीची, लग्नानंतर कमावलेली आणि पुढे वारशाने येणारी, अशी सर्वच, आणि तीत दोघांचा निम्मा-निम्मा अविभाजित हिस्सा असतो. बोलताना सगळे याला 'कम्युनियन' एवढेच म्हणतात. बाईच्या दृष्टीने ही व्यवस्था किती मोलाची आहे ते मी आमच्याच घरात पाहिले आहे. आजोबांनी विकलेल्या एका भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, विक्रीखतावर आजीची सही आहे, आत्यांच्या सह्या आहेत आणि आत्यांच्या यजमानांच्याही आहेत. एकूण अठरा सह्या आणि चार अंगठे मी स्वतः मोजले आहेत.

परंतु त्या अठरा सह्यांकडे पाहूनच माझ्या भावाने प्रश्न काढला. उद्या कारखान्यातील माझ्या हिश्शात माझ्या नवऱ्याचा निम्मा वाटा धरला गेला, आणि देव न करो, संसार मोडला किंवा आमच्यापैकी एकजण अचानक गेला, तर हिशेब लावताना कारखान्याचीही किंमत करावी लागेल. काजूच्या धंद्यात पैसा रोकड स्वरूपात कधीच नसतो. मार्च ते मे या हंगामात बँकेच्या कर्जावर कच्च्या बिया भरून ठेवायच्या आणि वर्षभर त्या फोडत, वाळवत, सोलत विकायच्या. ऐन मे महिन्यात कोणी कारखान्याची किंमत काढली तर कागदावर आम्ही श्रीमंत दिसू आणि खिशात कामगारांच्या पगारापुरतेही पैसे नसतील. अशा वेळी कोणाचा निम्मा वाटा चुकता करायचा म्हटले, तर बॉयलर विकण्यावाचून गत्यंतर नाही.

पहिल्या वकिलांनी हे काम अर्ध्या तासात उरकले. संगणकात तयार असलेला दोन पानी मजकूर काढला, त्यात आमची नावे भरली, पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर तो छापला, शेजारच्या नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि झाले म्हणून सांगितले. तो कागद घेऊन मी विवाहनोंदणीच्या कार्यालयात गेले तेव्हा पहिली सही होऊन नऊ दिवस लोटले होते. इथे नोंदणी दोन टप्प्यांत होते. आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ती पहिली सही, मग नोटीस लागते आणि साधारण पंधरा दिवसांनी दुसरी सही होऊन विवाह नोंदला जातो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी शांतपणे सांगितले, "बाई, हा नोटरीचा कागद आहे. आम्हाला दस्त लागतो." लग्नपूर्व करार हा सार्वजनिक दस्त म्हणून, म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार यांच्यासमोर व्हावा लागतो, कारण ते पदसिद्ध नोटरीही असतात. बाजारातल्या नोटरीचा शिक्का त्या जागी चालत नाही. शिवाय लग्न झाल्यावर असा करार नव्याने करता येत नाही की आधीचा बदलताही येत नाही. दुसऱ्या सहीला सहा दिवस उरले होते. त्या कारकुनाने तो कागद निमूटपणे फाइलला लावून घेतला असता, तर मला हे कदाचित वीस वर्षांनी कळले असते.

दुसऱ्या कार्यालयाची शिफारस आमच्या सनदी लेखापालांनी केली. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर एक बाक आणि भिंतीपाशी छतापर्यंत रचलेल्या, पांढऱ्या फितीने बांधलेल्या फायली. वकीलबाईंचे वय साठीच्या आसपास असावे. सहा दिवस उरले आहेत हे ऐकून त्या घाबरल्या नाहीत आणि मलाही घाबरवले नाही, पण मसुद्याला हात घालण्यापूर्वी त्यांनी मला आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला समोरासमोर बसवले आणि तासभर नुसते प्रश्न विचारले. या सेवेचा खरा मोबदला मी त्या एका तासासाठी दिला, असे मला आजही वाटते.

पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, तर त्याला विचारला. "हा कागद कोणाच्या डोक्यातून आला, हे तुम्हाला माहीत आहे का, आणि तुमच्या घरी माहीत आहे का?" तो माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, धंद्याशी त्याचा संबंध नाही. त्याने माहीत असल्याचे सांगितले, आणि आईला अजून सांगितलेले नाही हेही प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर बाईंनी त्याला हवे तर स्वतःचा वेगळा वकील घ्या म्हणून सुचवले, मसुद्याची एक प्रत घरी नेऊन निवांत वाचा असे सांगितले, आणि सही करण्याआधी दोन दिवस जाऊ द्यायलाच लावले. सहापैकी दोन दिवस असे गेले याचा तेव्हा मला राग आला होता. त्या दोन दिवसांत तो पेडण्याला घरी जाऊन आईशी बोलून आला.

मग कायद्यातले पर्याय त्यांनी आमच्यापुढे ठेवले. काही न करता समाईक मालमत्ता राहू द्यायची, हा पहिला. दोघांची मालमत्ता पूर्णपणे वेगळी ठेवायची, हा दुसरा. लग्नाच्या दिवशी ज्याचे जे आहे ते त्याचे आणि त्यानंतर कमावलेले दोघांचे, हा तिसरा. हुंड्याच्या धर्तीची चौथी व्यवस्था कायद्यात आहे, तिच्याबद्दल त्या फक्त हसल्या. आम्ही दोघेही तिसऱ्याकडे झुकलो होतो, कारण ऐकायला तो सर्वांत न्याय्य वाटतो. तेव्हा त्यांनी विचारले, "पुढच्या वर्षी नवा बॉयलर घेतला, तर तो कोणाचा?"

या एका प्रश्नाने आमची बैठक मोडली. बॉयलर लग्नानंतर घेतलेला, पण कारखाना लग्नाआधीचा. पैसे कारखान्याच्या नफ्यातून आलेले, पण नफा लग्नानंतरचा. निम्मे कर्ज भावाच्या जामिनावर. धंदा हा काही कुलूप लावून ठेवलेला जमिनीचा तुकडा नव्हे. दरवर्षी त्यात जुने जाते आणि नवे येते, आणि दहा वर्षांनी बोरमा (काजूगर वाळवायची भट्टी), कटिंगची टेबले, वजनकाटा, पॅकिंगचे यंत्र यांतले लग्नाच्या दिवशीचे काय उरले हे सांगता येत नाही. तिसऱ्या पर्यायात कारखान्याचे नाव माझे राहिले असते, पण त्यातले एकेक यंत्र हळूहळू समाईक होत गेले असते. म्हणून आम्ही मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवण्याचा पर्याय निवडला, आणि घर मात्र दोघांनी मिळून, दोघांच्या नावावर विकत घ्यायचे ठरवले. वेगळेपणाचा करार असला तरी दोघांनी एकत्र खरेदी करायला तो आड येत नाही. ही गोष्ट कळल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा सैल झाला. शिवाय हंगामी कर्जांचा माझा डोंगर त्याच्या पगाराकडे सरकू नये, हा त्याच्या बाजूचा फायदाही बाईंनी न विचारता सांगितला.

मसुद्याच्या कामात त्यांनी दाखवलेली बारकाई विशेष नमूद करावीशी वाटते. भागीदारी कराराची प्रत त्यांनी पहिल्याच दिवशी मागितली, आणि ती वाचून लग्नाच्या करारापेक्षा हाच कागद अधिक नाजूक आहे, असे मत दिले. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार इतर भागीदारांच्या संमतीवाचून कोणी नवा भागीदार होऊ शकत नाही. त्यामुळे माझा नवरा उद्या येऊन भावाच्या शेजारच्या खुर्चीत बसेल ही भीती मुळातच निराधार होती. प्रश्न होता तो माझ्या हिश्शाच्या पैशांचा. आमच्या जुन्या करारात एक भागीदार गेला तर फर्म पुढे चालेल की मोडेल याबद्दल एक ओळही नव्हती, आणि असे काही ठरलेले नसेल तर कायद्याप्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. दोनच भागीदार असताना तर अडचण आणखीच मोठी. त्यांनी लग्नाआधीच नवा भागीदारी करार करायला लावला, आणि बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा हिस्सा कसा मोजायचा, किती हप्त्यांत द्यायचा, हंगाम चालू असताना मागता येणार नाही, हे सारे त्यात घातले. भावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर या कागदात होते.

लग्नाच्या दस्ताला जोडायच्या यादीसाठी त्यांनी ३१ मार्चचा ताळेबंद घेतला, कारण बियांचा साठा रोज बदलतो आणि कुठल्यातरी एका तारखेवर बोट ठेवावे लागते. यंत्रांची यादी त्यांनी त्यांच्यावर कोरलेल्या क्रमांकांसह करून घेतली. जंगम वस्तूंची अशी नोंद नसेल, तर ही लग्नाआधीची होती हे पुढे सिद्ध करणे फार जड जाते, असे त्यांनी सांगितले. दुकानाचे नाव आणि पाकिटावरचे चिन्ह यांचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात केला. पहिल्या वकिलांच्या दोन पानांत नावाचा मागमूसही नव्हता, आणि आमच्याकडे खरी किंमत त्या नावालाच आहे. १८० नंबरचा मोठा काजूगर काय, त्याहून लहान ३२० नंबरचा काय, बाजारात कोणीही विकतो. बेळगावात आमचे एक भाड्याचे गोदाम आणि एक लहान गाळा आहे, तोही त्यांनी यादीत घ्यायला लावला. गोव्याबाहेरचे इथे कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय दाखवला. गोव्याच्या अधिवासी माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, असे त्यात म्हटले आहे. तिथला वाद मुंबईतील मालमत्तेचा होता. बाहेरचे म्हणून वगळू नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

दस्त झाला तो दिवस मात्र आठवणीत राहण्याजोगा नव्हता, आणि तेच चांगले. दोन साक्षीदार, ओळखपत्रे, दस्त वाचून दाखवणे, सह्या, अंगठे. मजकूर इंग्रजीत होता. बाईंनी तो आदल्या संध्याकाळी आम्हाला मराठीत परिच्छेदागणिक समजावून सांगितला होता, त्यामुळे सही करताना आम्ही कशावर सही करत आहोत हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांच्या कारकुनाने प्रमाणित प्रत वेळेत काढून दिली, आणि दुसऱ्या सहीच्या वेळी विवाहाच्या नोंदीत कराराचा उल्लेख आला आहे की नाही हे स्वतः उभे राहून पाहिले. हा शेवटचा टप्पा बरेच जण विसरतात, असे त्याच्याकडून कळले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव आयकराची. समाईक मालमत्तेच्या व्यवस्थेत असलेल्या पती-पत्नींसाठी आयकर कायद्यात वेगळे कलम आहे, १९६१ च्या कायद्यात ते ५अ होते. त्यानुसार पगार सोडून इतर उत्पन्न दोघांच्या नावे निम्मे-निम्मे विभागले जाते. म्हणजे माझ्या दुकानाला समजा दहा लाखांचा नफा झाला, तर कम्युनियनमध्ये पाच लाख माझ्या विवरणपत्रात आणि पाच लाख नवऱ्याच्या विवरणपत्रात गेले असते, आणि त्याचा पगार मात्र पूर्णपणे त्याचाच राहिला असता. मालमत्ता वेगळी केल्यावर ही विभागणी संपली आणि सगळा नफा माझ्या माथी आला. त्याचा पगार पाहता आमचा फरक फार मोठा पडला नाही. पण ज्या घरात एकच जण कमावता आहे आणि तोही धंद्यातून, तिथे दरवर्षी भरायचा कर यामुळे चांगलाच वाढू शकतो. ही गोष्ट मला वकीलबाईंनी सांगितली नाही. दस्त होऊन गेल्यावर लेखापालांनी सांगितली, तीही चहा पिताना. माझा निर्णय बदलला नसता, पण बदलता न येणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याचा खर्च माणसाला कळायला हवा, आणि ते सांगणे त्यांचेच काम होते.

दुसरी उणीव मृत्युपत्राची. मालमत्ता वेगळी आहे म्हणजे मी गेल्यावर माझे सारे भावाकडे जाईल, अशी माझी भाबडी समजूत होती. वारशाचा हिशेब वेगळा चालतो. गोव्यात सक्तीचे वारस असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेतला निम्माच भाग मृत्युपत्राने मनासारखा देता येतो, उरलेला निम्मा त्या वारसांसाठी राखीव असतो. बाईंनी हे सांगितले, पण अगदी निघताना, दाराशी उभ्या राहून, आणि त्यासाठी पुन्हा वेगळी वेळ घ्यावी लागली. दोन्ही कागदांचा विचार एकाच बैठकीत झाला असता तर बरे झाले असते.

फी पंधरा हजार रुपये घेतली. भागीदारी कराराचे पैसे त्याहून वेगळे, आणि मुद्रांक व सरकारी शुल्काच्या पावत्या हातात दिल्या. पहिल्या ठिकाणी मी अडीच हजार दिले होते, त्यामुळे आकडा ऐकून आधी कसेसेच झाले, हे कबूल करते. पण त्या अडीच हजारांत मला जे मिळाले ते नोटरीच्या शिक्क्यासकट रद्दीत गेले.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे वाचून तडक वकिलाकडे धाव घेऊ नये, कारण तिथे परिस्थिती मुळातच निराळी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नामुळे नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप समाईक होत नाही, त्यामुळे वेगळी करण्याचा असा दस्तही त्यात नाही. लग्नाआधी लिहिलेला करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, या कसोटीवर तो भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली तपासला जातो, आणि पोटगीचा प्रश्न न्यायालय स्वतःच्या अधिकारात ठरवते. माझी मावसबहीण कोल्हापुरात आपल्या सासऱ्यांच्या छापखान्यात भागीदार आहे. माझा दस्त पाहून तिलाही असा कागद हवासा झाला. बाईंना फोनवर विचारले तेव्हा त्यांनी ते काम घेतले नाही. तिथल्या वकिलांकडून भागीदारी करार नीट करून घ्या, तुमच्या कामाचा कागद तोच, एवढे सांगितले आणि त्या सल्ल्याचे पैसेही लावले नाहीत. गोव्याचा कराराचा साचा तिला विकणे त्यांना अवघड नव्हते.

दस्ताला आता आठ महिने झाले. मध्यंतरी खेळत्या भांडवलाचे कर्ज वाढवून घ्यायला बँकेत गेले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी सवयीने नवऱ्याची सही मागितली. असे होईल हे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते आणि म्हणूनच तीन प्रमाणित प्रती काढायला लावल्या होत्या. मी एक प्रत टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती वाचली, वरच्या साहेबांना दाखवून आणली, आणि मग माझ्या कर्जाच्या फाइलला लावून टाकली. दुसरी लेखापालांकडे गेली आहे. तिसरी भावाने स्वतःच्या कपाटात ठेवली आहे आणि ती परत द्यायला तो तयार नाही. त्यामुळे चौथ्या प्रतीसाठी उद्या पुन्हा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.